तंतूची कणीक

४ मार्च

ही डायरी मासळी संशोधन केंद्रातल्या मॅडमनी दिली; त्यांच्या टाक्या मी सांभाळतो. गेल्या वर्षीची आहे, कोरीच राहून गेली होती. त्यामुळे तारीख बरोबर, पण छापलेला वार चुकतो. वर मंगळवार लिहिलंय, आज बुधवार आहे. म्हणजे मी डायरीच्या एक दिवस पुढे. आयुष्यात कशाच्या तरी पुढे असण्याची ही पहिलीच वेळ.

मॅडम म्हणाल्या, "माशाने काय खाल्लं, पाणी किती गरम, काय वेगळं दिसलं, रोज लिहीत जा." ते मी टाकीशेजारच्या तक्त्यावर लिहितोच. इथे बाकीचं लिहीन. सातवीत शाळा सुटली, पण अक्षर बरं आहे. मावशीने बेकरीच्या टेबलावर पीठ पसरून बोटाने गिरवून घेतलं होतं. चुकलं की वरून हात फिरवायचा, पाटी कोरी.

आजची बातमी म्हणजे होडीवाले काका मासा घेऊन आले. ओल्या पोत्यात गुंडाळलेला. हातभर लांब, खवले नाहीत, चपटं डोकं आणि तोंडाभोवती लांब लांब मिशा. मॅडम दोन वर्षं याच्याच मागावर होत्या. पोतं उघडल्यावर त्यांनी तोंडावर हात धरला आणि बराच वेळ काढलाच नाही.

काका म्हणाले, "आमच्या लहानपणी चिखलात पाय टाकला की हाच लागायचा पायाला. आता जाळ्यात येतात ते तळ्यांतून सुटून आलेले, पाळलेले."

मॅडमचा प्रश्न तोच आहे. हा नदीतला जुना, की तळ्यातल्यांपैकीच कुणी? नुसतं बघून कळत नाही. आतलं वाचावं लागतं. वाचून झालं की परत नदीत सोडायचा, मारून बाटलीत घालायचा नाही, हे त्यांनी केंद्राच्या साहेबांकडून आधीच कबूल करून घेतलंय.

पोट बघून म्हणाल्या, मादी आहे. मी म्हटलं, मग या मिशीबाई. नाव चिकटलं.

मावशीचे दोन फोन येऊन गेले. हात ओले होते.

५ मार्च

मावशीशी बोललो.

बेकरीच्या भट्ट्या दुरुस्त करायला एक माणूस येतो. मी पाहिलाय त्याला. भरघोस मिशी, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. तो तिला लग्नाचं विचारतोय. तिने सांगितलं, "घरी विचारून सांगते." घर म्हणजे मी.

मला हसूच आलं. म्हटलं, "मावशी, वय काय तुझं?"

"तुझ्याहून वीस वर्षांनी जास्त. तेव्हाही होतं, आताही आहे."

"आणि तो भट्टीवाला?"

"त्याचं त्याला विचार. तू ये एकदा. समोर बसून बोलू. तू हो म्हटलंस तरच, नाहीतर राहिलं."

मी म्हटलं, इथे मिशीबाई आल्यात. त्यांचं वाचन होऊन त्या नदीत गेल्या की लगेच निघतो. मध्येच कसं सोडून यायचं? त्यांनी अजून तोंडात काही घेतलेलं नाही. ती म्हणाली, "बरं. तोवर तारीख धरत नाही."

आई गेली तेव्हा मी रांगत होतो. बाप कुठे आहे ते बापालाच माहीत. मावशी तेव्हा आत्ताच्या माझ्याएवढी. मी तिला आई म्हणायला लागलो की ती मला उचलून भिंतीवरच्या फोटोसमोर न्यायची. "आई ही. मी मावशी." इतक्या वेळा नेलं की शेवटी जिभेला सवय झाली.

त्या माणसाबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त एवढी मिशी कशाला ठेवायची?

९ मार्च

आज नमुना घेतला. मासा मारायचा नाही, परातीतल्या मोदकासारखा सांभाळायचा, असं मॅडमचं काम. पंखाच्या टोकाचा मसुराएवढा तुकडा पुरतो. मी मिशीबाईंना ओल्या फडक्यात धरलं, मॅडमनी कात्री चालवली. तेवढ्यात बाईंनी अंग झटकलं आणि बाजूच्या पंखाचा काटा माझ्या हातमोज्यातून आरपार. असली आग झाली! तरी सोडलं नाही. मॅडम ओरडल्या, "हात, हात!" मी म्हटलं, "तुम्ही आधी तुकडा घ्या." घेतला. स्पिरिटच्या नळीत टाकला. मग माझा हात धुतला, पट्टी बांधली. काका म्हणाले, "ओळख झाली म्हणायची."

मॅडमनी वर यंत्राच्या खोलीत बसणाऱ्या माणसाला नळी दिली. त्याला सगळे चष्मा म्हणतात, तोंडावरसुद्धा. म्हणाल्या, "सगळं नको, फक्त तंतुकणिकेचं वाचायचंय."

मी विचारलं, "कसली कणीक?"

चष्मा इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला. "कणीक नाही रे, कणिका! तंतुकणिका!"

"तेच म्हणतोय. तंतूची कणीक."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आपल्या अंगातल्या प्रत्येक बारीक कप्प्यात एक चूल असते असं समज. खाल्लेलं जाळून ताकद देणारी. त्या चुलीची स्वतःची एक छोटी पोथी असते, बाकीच्या मोठ्या पोथीपासून वेगळी. ती आपण वाचतोय. साडेसोळा हजारांच्या आसपास अक्षरं. आणि ती फक्त आईकडून येते."

"आणि बापाचं?"

"यात काहीच येत नाही."

ही चूल मला पहिल्यापासून आवडली.

११ मार्च

चष्मा मला वर बसू देतो, मात्र हात मांडीवर ठेवून. त्याने तुकडा विरघळवला, गाळला, धुतला. शेवटी नळीत काहीच दिसत नव्हतं. तो म्हणतो, आहे. मग त्याच्या लाखो प्रती काढायच्या. झेरॉक्ससारखं, पण गरम-गार करून. मग तुकड्यातुकड्याने वाचायचं, एकाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्याशी जुळतंय का बघायचं आणि जोडत जायचं. जोडत जोडत पहिल्या तुकड्याशीच परत पोचलो की काम झालं. कारण ही पोथी गोल आहे. बांगडीसारखी. सुरुवात नाही, शेवट नाही.

म्हटलं, "मग वाचायला कुठून घ्यायचं?"

"ठरलेली एक जागा आहे, तिथून सगळे घेतात. नुसतं ठरवायचं म्हणून."

मला कणीकच बरी वाटते. मावशी रोज आंबलेल्या पिठाचा एक गोळा बाजूला काढून ठेवते आणि दुसऱ्या दिवशीच्या पिठात घालते. तो गोळा तिला आजीने दिला. आजीला तिच्या आईने. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "जवळपास तसंच." जवळपास म्हणजे कुठे चुकलं ते मी विचारलं नाही.

मिशीबाईंनी गांडुळं खाल्ली! तक्त्यावर लिहिलं आणि खाली रेघ मारली.

१४ मार्च

मावशीचा फोन. इकडचं तिकडचं बोलली, मग हळूच, "तुझ्या कॉटवर त्यांची हत्यारांची पेटी ठेवली तर चालेल का? जड आहे, खाली ठेवली की ओल लागते."

मी म्हटलं, "ठेव की. माझं काय जातंय? मी कुठे तिथे असतो?"

"असं कसं बोलतोस?"

"कसं बोललो? ठेव म्हटलं ना."

मागून भट्टीचा आवाज येत होता. मग म्हणाली, "वाचन कुठवर आलं?" मी म्हटलं, चाललंय, घाई करून चालत नाही, चुकलं की सगळं पहिल्यापासून.

लग्नाआधीच माणसाची पेटी घरात? याला घाई म्हणतात.

मी टायरच्या दुकानात होतो, मग बर्फाच्या कारखान्यात, मग बोटीवर. कुठेही कॉट धरून बसलो नाही. माझ्या तळपायांना चाकं आहेत असं मावशीच म्हणते. मग एका कॉटचं एवढं काय? तरी सकाळपासून दोन बादल्या लाथेने उडवल्या.

१७ मार्च

मिशीबाई पळाल्या!

सकाळी टाकीत नाहीत. झाकण सरकलेलं. हे मासे वरची हवा पण घेतात, ओल असेल तर पंखांवर सरपटतात. दाराबाहेर नळाच्या मोरीपाशी सापडल्या, अंगभर कचरा, मिशा हलवत. चष्मा म्हणाला, "हुशार आहे, नदीकडेच चालली होती." मी तोंड बघितलं तर नदीच्या उलट्या बाजूला. नुसतीच बाहेर पडलेली. कुठे जायचं ते ठरवलंच नव्हतं बाईने.

झाकणावर वीट ठेवली.

२० मार्च

वाईट दिवस.

चष्मा खाली आला, हसत नव्हता. मॅडमना म्हणाला, "वाचन दुहेरी आलंय. एकावर एक छापल्यासारखं. एक माशाचं दिसतंय. दुसरं जगातल्या सगळ्या नोंदींशी ताडून पाहिलं."

"आणि?"

"माणूस."

मॅडम खुर्चीत बसल्या. मग सगळ्यांनी एकदमच माझ्या हाताकडे पाहिलं. खपली अजून आहे.

माझं रक्त. काट्याच्या वेळचं. कात्रीला लागलं असणार, किंवा तुकड्यालाच. मी छाती काढून "आधी तुकडा घ्या" म्हणालो होतो ना.

मी म्हटलं, "मॅडम, मी बॅग भरू का?"

"कशाला?"

"काढून टाकणार ना?"

त्या म्हणाल्या, "हातमोजे बदलून कात्री पुसायला हवी होती ती मी. नळीत तुकडा टाकला मी. तू फक्त मासा धरला होतास, आणि सोडला नाहीस." मग म्हणाल्या, "पण साहेब आता बाटलीचं काढतील. एवढ्याशा तुकड्याने भागत नाही, सरळ मारा आणि काळीज घ्या, म्हणतील. एक संधी मागून बघते."

दुपारभर त्या साहेबांच्या खोलीत होत्या. दाराबाहेर काही ऐकू येत नव्हतं. आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "आणखी एकच तुकडा."

२१ मार्च

दुसरा तुकडा घेतला. दोन-दोन हातमोजे, नवी कात्री, बाईंच्या काट्यांवर रबराची नळी चढवली. मी श्वाससुद्धा दुसरीकडे तोंड करून घेत होतो. चष्मा म्हणाला, "आता रक्त नको हं. नाहीतर या माशाला तुझ्या घरच्या रेशनकार्डावर घालावं लागेल."

नंतर मी विचारलं, माझं जे वाचलंत त्याचं काय केलं?

मॅडम म्हणाल्या, "पुसलं. तुला न विचारता वाचलेलं आहे, ठेवायचा आम्हाला हक्क नाही."

बरोबर आहे. पण पुसायच्या आधी एकदा बघायला आवडलं असतं. फोटो सोडला तर आईचं मी काहीच पाहिलेलं नाही.

२३ मार्च

मावशीला कळवलं की वाचन फसलं, पहिल्यापासून करावं लागतंय, आणखी उशीर होणार. तिने नीट ऐकून घेतलं. हात दुखतो का विचारलं. मग म्हणाली,

"तू घाई करू नकोस. मी त्यांना नाही म्हणून सांगितलं."

"कोणाला?"

"कोणाला म्हणजे? पेटी पण घेऊन गेले ते काल. कॉट मोकळी आहे तुझी."

"मी कुठे नको म्हटलं होतं?"

"‘हो’ पण कुठे म्हटलंस?"

मी हातावरची खपली उकरत राहिलो. ती म्हणाली, "अरे, माझं काय अडलंय. इतकी वर्षं गेली तशी जातील. चल, पाव काढायची वेळ झाली."

तर झालं. मिटलं. मलाही बरं वाटलं. उगाच या वयात नसती भानगड.

२४ मार्च

तक्त्यावर पाण्याचा आकडा लिहायचा विसरलो. मॅडम बोलल्या. बरोबरच आहे त्यांचं.

२५ मार्च

होडीवाले काकांना सहज विचारलं, भट्ट्या दुरुस्त करणारी माणसं कशी असतात हो? ते म्हणाले, "गरम." स्वतःच्याच विनोदावर हसत राहिले. मला एक आठवलं. मागच्या वेळी घरी होतो तेव्हा तो माणूस भट्टीत कमरेपर्यंत शिरलेला. मावशी बाहेर दिवा धरून उभी. आतून तो म्हणाला, "हात भरून आला असेल तर खाली ठेवा, मी अंदाजाने करतो." तिने दिवा ठेवला नाही. काहीतरी गुणगुणत होती. तिला गुणगुणताना मी एरवी कधी ऐकलेलं नाही.

हे आत्ताच का आठवावं?

२६ मार्च

मिशीबाई खातात, फिरतात, वर येऊन हवेचा घोट घेतात, परत खाली. भूक मलाच नाही.

२८ मार्च

बांगडी जुळली.

चष्म्याने मला मुद्दाम वर बोलावलं. पडद्यावर गोल. शेवटच्या तुकड्याचं शेपूट पहिल्याच्या डोक्यावर बरोब्बर बसलं. या वेळी मध्ये कोणी माणूस नाही. तळ्यातल्यांपेक्षा ही पोथी बऱ्याच जागी वेगळी आहे. मॅडम म्हणाल्या, "आईकडून तरी ही नदीतलीच आहे. बापाचं वेगळं तपासावं लागेल, पण आजचा दिवस मला पुरे." आणि चष्म्याच्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की चष्मा खाली पडला. खरा चष्मा.

सगळे खुशीत होते म्हणून मीही विचारून घेतलं. "मॅडम, माझ्यात आईचं आलं. आईत आजीचं. मग आजीचं आणखी कोणात गेलं असेल?"

"तिच्या सगळ्या मुलांत."

"मावशीत?"

"सख्खी असेल तर तेच. जवळजवळ नेहमी अक्षरन् अक्षर तेच."

"म्हणजे माझं वाचलंत ते मावशीचंच?"

"हो. तुझी आई आणि मावशी शेजारी बसवल्या तर या यंत्राला सांगता यायचं नाही, यातली आई कोणती आणि मावशी कोणती."

चष्मा म्हणाला, "काय रे, काय झालं?"

म्हटलं, स्पिरिटचा वास जातोय नाकात.

खाली आलो. टाकीवरची वीट काढली, पुसली, परत ठेवली. मग फोन लावला.

म्हटलं, "मावशी, मशीनने सांगितलंय. तुझं आणि आईचं एकच आहे. अक्षराचा फरक नाही. माझ्यात आहे ते तुझंच आहे असं म्हटलं तरी मशीन नाही म्हणू शकत नाही."

तिकडे भट्टीचं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "एवढ्यासाठी मशीन लागलं होय रे तुला?"

मी विटेवरून हात फिरवत राहिलो. तीच म्हणाली, "आणि तो मासा?"

"नदीतला निघाला. सोडणार आहेत."

"मग तू?"

म्हटलं, "त्यांना सांग, पेटी घेऊन या. कॉटवर नको, कॉटखाली ठेवा. खाली दोन विटा घाला, ओल लागणार नाही. मी सुट्टीला आलो की वर झोपीन."

"कोणाला सांगू?"

"आता नाव घ्यायला लावतेस का! भट्टीवाल्यांना. आणि तारीख धर. लगेचची."

ती हसत होती की काय करत होती ते फोनवर कळलं नाही. मध्येच म्हणाली, "मिशी काढायला सांगू का त्यांना? तुला आवडत नाही ना?"

"राहू दे," मी म्हटलं. "मला आता सवय झालीय."

२ एप्रिल

हे बसमध्ये लिहितोय, अक्षर हलतंय.

सकाळी मिशीबाईंना सोडलं. मॅडम काठावरच थांबल्या, त्यांना पाण्याची भीती वाटते. इतकी वर्षं नदीतल्या माशांवर काम करतात, आणि ही गोष्ट आज कळली! होडीत मी, काका आणि मध्ये पिंप. बस पलीकडच्या काठावरून सुटते म्हणून माझी बॅगही होडीतच. इस्त्रीचा शर्ट घातला होता, त्यावर पिंपातलं पाणी उडत होतं.

गाळाचं पाणी आलं तिथे काकांनी वल्हं थांबवलं. पिंप कलंडवलं. मला वाटलं होतं त्या सुळकन जातील. नाही गेल्या. होडीच्या कडेला थांबल्या, वर आल्या, हवेचा एक घोट घेतला, मिशा हलवल्या आणि मग निवांत खाली गेल्या. या वेळी कुठे जायचं ते ठाऊक असल्यासारख्या.

काका म्हणाले, "आणि तू रे? शर्टबिर्ट घालून कुठे? ही पण नोकरी सोडलीस?"

"नाही, सुट्टी घेतलीय. येणार आहे परत."

"कशाची सुट्टी?"

म्हटलं, "आईचं लग्न आहे."

तोंडातून निघून गेलं. दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

काकांनी वल्हं हातातच धरून ठेवलं. माझ्याकडे खालून वर बघितलं. "आईचं? म्हणजे तू आधी, लग्न नंतर?"

"हो."

त्यांनी थोडा विचार केला. मग दुसरं वल्हं माझ्या पायाशी सरकवलं.

"मग बसलास काय असा? धर, मार हात. मुलानेच उशिरा पोचून कसं चालेल?"